आजी, डे केअर आणि करापूर्वीचे डॉलर

अमेरिकेतल्या मराठी घरांत दिवाळीचा फराळ संपत येतो त्या सुमारास एचआरची ईमेल येऊन पडते: ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाच्या सवलती निवडण्याची मुदत) अमुक तारखेला बंद होत आहे. मग रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला जातो, आरोग्यविम्याचे दोन-तीन प्लॅन शेजारीशेजारी ठेवून बराच खल होतो, आणि त्याखालच्या तीन ओळी शून्यावर ठेवून पान पुढे सरकतं. हेल्थ एफएसए (आरोग्यखर्चासाठी), डिपेंडंट केअर एफएसए (मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी) आणि कम्युटर बेनिफिट (ऑफिसच्या प्रवासासाठी) अशा त्या तीन ओळी. एफएसए म्हणजे पगारातून करापूर्वी पैसे बाजूला काढण्याचं खातं. दोघं कमावते, मूल डे केअरमध्ये आणि ऑफिसला जायला रेल्वे, असं घर असेल तर २०२६च्या मर्यादांनुसार ह्या तीन ओळींत मिळून जवळपास १५,००० डॉलर जातात आणि त्यावरचा वाचणारा कर चार हजारांच्या पुढे असतो.

मुळातला व्यवहार सोपा आहे. डे केअरची फी, चष्मा, रेल्वेचा पास हे खर्च होणारच असतात. ते हातात आलेल्या पगारातून न करता, पगारावर कर लागण्याआधी ती रक्कम बाजूला काढायची. वरचं उत्पन्न २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर तो संघीय आयकर वाचतो आणि शिवाय सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ असे ७.६५ टक्केही वाचतात. एकूण २९.६५. ज्यांचा पगार सोशल सिक्युरिटीच्या कमाल मर्यादेपेक्षा (२०२६ साठी १,८४,५०० डॉलर) जास्त आहे, त्यांचे मात्र ६.२ टक्के वाचत नाहीत, कारण वरच्या पगारावर ते लागतच नाहीत. राज्याचा कर राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सी हेल्थ एफएसएची सवलत मानत नाही, म्हणून तिथल्या डब्ल्यू-टूवर (वर्षभराच्या पगाराच्या करदाखल्यावर) राज्याच्या रकान्यातला पगार संघीय रकान्यापेक्षा मोठा दिसतो. ती पेरोलची, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाची, चूक नसते.

गोंधळ टक्केवारीत होत नाही. तो होतो 'कुटुंब' कशाला म्हणायचं ह्यात. ह्या तीन ओळींची कुटुंबाची कल्पना वेगवेगळी आहे आणि तिन्ही आपल्याकडच्या कल्पनेहून अरुंद आहेत. आई-वडील, सासू-सासरे, बायको, मुलं हे सगळं आपल्या हिशेबात एकच घर असतं. कम्युटरच्या नियमांत घरात एकच माणूस राहतो, तो म्हणजे नोकरी करणारा. हेल्थ एफएसएत नवरा-बायको आणि मुलं येतात, आजी-आजोबा बहुधा येत नाहीत. डिपेंडंट केअरमध्ये मूल येतं, पण आई आणि बाबा दोघंही कमावत असतील तरच.

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त गैरसमज ह्या शेवटच्या ओळीत असल्यामुळे सुरुवात तिथूनच. डिपेंडंट केअरची मर्यादा १९८६च्या करसुधारणेपासून घरामागे वर्षाला ५,००० डॉलर होती. मधलं २०२१ हे महामारीचं वर्ष सोडलं, तर चाळीस वर्षं ती हलली नाही. डे केअरची फी मात्र त्या काळात कुठल्या कुठे गेली. जुलै २०२५मध्ये झालेल्या कायद्याने २०२६पासून ती ७,५०० झाली. ही मर्यादा माणशी नाही, घरामागे आहे. दोघांच्या दोन कंपन्यांत मिळून ७,५००. दोघांनी आपापल्या पोर्टलवर कमाल आकडा टाकला तर कोणतीही कंपनी हरकत घेत नाही, कारण एकीला दुसरीची माहितीच नसते. जास्तीची रक्कम पुढच्या एप्रिलमध्ये करपात्र म्हणून समोर येते.

एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावरच्या घरांत इथेच मोठी ठेच लागते. एच-४ ह्या अवलंबितांच्या व्हिसावरच्या जोडीदाराकडे काम करण्याची परवानगी नसेल आणि म्हणून कमाई शून्य असेल, तर ही सवलतही शून्य. नियम असा की करमुक्त रक्कम दोघांपैकी ज्याची कमाई कमी, त्या कमाईपेक्षा जास्त असू शकत नाही. पेरोल हे विचारत नाही, पैसे निमूट कापतं, आणि कर भरताना मूल सांभाळण्याच्या खर्चाचा फॉर्म २४४१ भरायला घेतला की सगळी रक्कम पुन्हा उत्पन्नात येऊन बसते. नोकरी शोधत असण्याचा काळ चालतो, पण त्या वर्षात काही ना काही कमाई झालेली हवी. एक वाट मात्र आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. जोडीदार वर्षातले किमान पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर त्या प्रत्येक महिन्यासाठी कायदा त्याची कमाई एका मुलाला २५० आणि दोन किंवा जास्त मुलांना ५०० डॉलर धरतो. नऊ महिने मास्टर्स आणि एक मूल, तर २,२५० डॉलरपर्यंत सवलत. तेवढाच आकडा टाकावा, ७,५०० नाही. भारतात जन्मलेल्या, सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या मुलासाठी आयटिन हा पर्यायी कर क्रमांकसुद्धा ह्या फॉर्मवर चालतो. चाइल्ड टॅक्स क्रेडिटला तो चालत नाही, त्यामुळे लोक इथेही चालत नसेल असं गृहीत धरून सोडून देतात.

आता आजी. मूल सांभाळायला आजीला पैसे दिले तर ते ह्या खात्यातून देता येतात का? आजी ग्रीन कार्डवर किंवा नागरिक असेल आणि मुलाने किंवा सुनेने तिला स्वतःच्या रिटर्नमध्ये अवलंबून दाखवलेलं नसेल, तर येतात. फॉर्मवर तिचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर द्यावा लागतो आणि ती रक्कम तिला स्वतःच्या उत्पन्नात दाखवावी लागते. अवलंबून दाखवलेल्या आजीला दिलेला पैसा मात्र चालत नाही. दोन्हीकडून फायदा घेता येत नाही. आणि सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीचा तर प्रश्नच मिटतो. त्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही आणि फुकट सांभाळण्याचा क्लेम होत नाही. बाळाच्या पहिल्या वर्षी दोन्हीकडच्या आज्या पाळीपाळीने येऊन जाणार असतील, तर डिपेंडंट केअरचा आकडा ठरवताना ते महिने आधी वजा करावेत. डे केअर सुरूच होणार ऑगस्टमध्ये, तर पाच महिन्यांच्या फीपुरतंच लिहावं. इथे उरलेला पैसा पुढच्या वर्षात नेता येत नाही. फार तर कंपनीच्या प्लॅनमध्ये अडीच महिन्यांची सवड असते, १५ मार्चपर्यंत. वर्षाच्या मधे परिस्थिती बदलली तर आकडाही बदलता येतो. मूल झालं, सांभाळणारं बदललं, फी बदलली ही मान्य कारणं आहेत. फक्त बहुतेक कंपन्यांत कारण घडल्यापासून ३० दिवसांतच कळवावं लागतं. सांभाळणारी व्यक्ती नात्यातली असेल तर 'फी वाढली' हे कारण चालत नाही. कायदा करणारेही नातेवाइकांना ओळखून होते म्हणायचे.

एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या भागांत घरगुती डे केअर चालवणाऱ्या काकू असतात. वरणभात भरवतात, मुलांशी मराठीत किंवा हिंदीत बोलतात, आणि पैसे रोख घेतात. फॉर्म २४४१वर त्यांचा कर क्रमांक लागतो. तो मागण्यासाठी डब्ल्यू-१० नावाचा साधा फॉर्म आहे. त्यांनी नकार दिलाच, तर आपण रीतसर मागितला होता हे लिहून जोडता येतं, पण त्या भरवशावर वर्षभराचे ७,५०० डॉलर ठेवणं शहाणपणाचं नाही. प्रवेश घेण्याआधीच 'पावती आणि नंबर मिळेल ना?' हे विचारून घ्यावं. सहापेक्षा जास्त जणांना सांभाळणाऱ्या ठिकाणी राज्याचे नियम पाळलेले असणंही गरजेचं आहे. स्वतःच्या घरी आया ठेवली आणि तिला २०२६मध्ये ३,००० किंवा जास्त डॉलर दिले, तर आपणच मालक होतो आणि तिचा सोशल सिक्युरिटीचा वाटा भरण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

काय चालतं आणि काय नाही, ह्यामागे एकच कसोटी आहे. आईबाबांना कामावर जाता यावं म्हणून मुलाला सांभाळलं गेलं का? प्रीस्कूल चालतं, किंडरगार्टनची फी नाही, कारण ते शिक्षण झालं. शाळेआधीची आणि नंतरची देखरेख चालते. उन्हाळ्यातला दिवसाचा कॅम्प बुद्धिबळाचा असो की फुटबॉलचा, चालतो. रात्रीच्या मुक्कामाचा नाही, त्यातला दिवसाचा भागसुद्धा नाही. गणिताचा क्लास, गाण्याचा क्लास, रविवारची मराठी शाळा ह्या यादीत बसत नाहीत. मूल तेरा वर्षांचं होतं त्या दिवशी खर्च मोजणं थांबतं. आणि उन्हाळ्यात सहा आठवडे सगळे भारतात गेले, जागा जाऊ नये म्हणून डे केअरला फी भरत राहिले, तर ती सगळी मोजता येत नाही. कामावरून थोड्या दिवसांची गैरहजेरी, सलग दोन आठवड्यांपर्यंतची, माफ आहे. त्यापुढची फी आपल्या खिशातून. नावनोंदणीचं डिपॉझिटही मूल प्रत्यक्ष जायला लागल्यावरच क्लेम होतं.

एवढं करूनही सगळ्यांनी हे खातं घ्यावंच असं नाही. डे केअरच्या खर्चावर वेगळं टॅक्स क्रेडिटही (देय करातून थेट वजा होणारी रक्कम) मिळतं, एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० डॉलरच्या खर्चावर. एफएसएत टाकलेला प्रत्येक डॉलर ह्या मर्यादेतून वजा होतो, म्हणून ७,५०० टाकले की क्रेडिट संपलं. २०२५पर्यंत मध्यम उत्पन्नावर क्रेडिट २० टक्केच होतं आणि एफएसएच सरस ठरायचं. २०२६पासून एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर क्रेडिट किमान ३५ टक्के आहे, मग उतरत उतरत २,१०,०००ला पुन्हा २० वर येतं. दोन मुलं, दोघांची मिळून मिळकत एक लाखाच्या आसपास, म्हणजे १२ टक्क्यांचा टप्पा. ६,०००वर ३५ टक्के म्हणजे २,१०० डॉलरचं क्रेडिट. त्याच घराने ७,५०० एफएसएत टाकले तर १९.६५ टक्क्यांनी १,४७४ वाचतात. इथे ती ओळ शून्यावर ठेवणंच बरोबर. उत्पन्न १,४०,००० झालं की एफएसएचे २,१७०च्या आसपास होतात आणि पारडं कसंबसं तिकडे झुकतं. एकच मूल असेल तर क्रेडिट निम्मं होतं, म्हणून तिथे एफएसए बऱ्याच आधी पुढे जातं. जुने सल्ले आंधळेपणाने पाळू नयेत ते ह्यासाठी. हे क्रेडिट देय करापुरतंच मिळतं, परतावा म्हणून हातात येत नाही, हेही धरून चालावं.

वरच्या पगाराच्या लोकांना एक वेगळाच धक्का बसतो. कंपनीतल्या जास्त पगारवाल्यांनाच फायदा होत नाही ना, ह्याची दरवर्षी चाचणी घ्यावी लागते. इतर कर्मचाऱ्यांना मिळणारा सरासरी लाभ वरच्यांच्या सरासरीच्या किमान ५५ टक्के हवा. आदल्या वर्षी १,६०,०००पेक्षा जास्त पगार असलेले ह्यात वरचे धरले जातात. चाचणी नापास झाली की वर्ष संपता संपता पेरोलचा निरोप येतो की तुमचे ७,५०० नाहीत, ३,१००च करमुक्त, किंवा असाच काहीतरी आकडा. त्यावर अपील नाही. एचआरला आधी विचारलं तर मागच्या वर्षी काय झालं एवढं तरी कळतं.

हेल्थ एफएसएची २०२६ची मर्यादा ३,४०० आहे, आणि ही माणशी. नवरा-बायको दोघांना वेगवेगळी. ह्या खात्याची चांगली गोष्ट ही की वर्षाचा पूर्ण आकडा पहिल्याच दिवशी वापरता येतो, पैसे मात्र वर्षभर पगारातून थोडेथोडे कापले जातात. जानेवारीत दाताचं काम काढलं तरी चालतं. उरलं तर गेलं, ही ख्याती लोकांना घाबरवते. पण हिशेब करून बघावा. २९.६५ टक्क्यांवाल्याने २,००० लिहिले, तर त्याच्या हातातला पगार १,४०७ डॉलरनेच कमी होतो. म्हणजे १,४०७ खर्च झाले की फिटंफाट, त्यापुढचा प्रत्येक डॉलर फायद्याचा. शिवाय बऱ्याच कंपन्या ६८० डॉलरपर्यंत उरलेली रक्कम २०२७मध्ये नेऊ देतात. तसं नसेल तर १५ मार्चपर्यंतची सवड असते. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि कंपनीने ह्यातलं काही द्यावंच असं बंधनही नाही. म्हणून आपल्या प्लॅनच्या कागदात तेवढं एक वाक्य शोधावं. माझं मत विचाराल तर आकडा ठरवताना फक्त कॅलेंडरवर असलेले खर्च मोजावेत: दोघांचे चष्मे, नेहमीच्या औषधांचे को-पे, ठरलेली रूट कॅनाल. 'काहीतरी होईलच' ह्या नावाची रक्कम घालू नये.

२०२०पासून साधी औषधं, क्रोसिनच्या जातीतली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चालतात. सॅनिटरी पॅड चालतात, एसपीएफ १५ किंवा वरचं सनस्क्रीन चालतं. टूथपेस्ट, मल्टिव्हिटॅमिन, च्यवनप्राश चालत नाहीत, कारण ते एका विशिष्ट आजारासाठी नसून एकंदर तब्येतीसाठी. डिसेंबरात शिल्लक संपवण्यासाठी बीपीचं मशीन घेतलं जातं आणि ते बॅगेत घालून पुण्याला बाबांकडे जातं, हा प्रकार सर्रास चालतो. तो नियमात बसत नाही. भारतात राहणारे आई-वडील करापुरते अवलंबून धरता येत नाहीत, कारण त्यासाठी अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी किंवा कॅनडा-मेक्सिकोचे रहिवासी असावं लागतं. काही महिन्यांसाठी आलेल्यांचंही सहसा तेच, आणि त्यांच्या प्रवासी विम्याचा हप्ता तर कोणाच्याच एफएसएत बसत नाही. उलट, सुट्टीत पुण्यात स्वतः करून घेतलेलं दातांचं काम किंवा केलेला चष्मा चालतो. उपचार परदेशात झाला म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तिथून अमेरिकेत आणलेली औषधं मात्र चालत नाहीत.

क्लेम अडतो तो पावतीवर. पावतीवर पाच गोष्टी हव्यात: कोणी सेवा दिली, कोणाला, कोणत्या तारखेला, काय आणि किती. 'टोटल पेड' एवढंच लिहिलेली कार्डाची चिठ्ठी किंवा 'मागील बाकी' लिहिलेलं बिल परत येतं. पुण्याच्या दवाखान्यातून निघतानाच इंग्रजीत, तारीख आणि उपचाराच्या नावासह, शिक्का मारलेलं बिल मागून घ्यावं. नंतर मेसेज करून ते मिळवणं फार जिवावर येतं. आणि तारीख सेवेची बघतात, पैसे भरल्याची नाही. एफएसएचं कार्ड दुकानात चाललं म्हणजे क्लेम मंजूर झाला असंही नाही. पुरावा मागितला आणि दिला नाही की कार्ड बंद पडतं.

कंपनीचा हाय डिडक्टिबल प्लॅन (सुरुवातीचा बराच खर्च आपल्यालाच करायला लावणारा विमा) घेऊन एचएसए (आरोग्यखर्चासाठीचं करमुक्त बचतखातं) उघडणाऱ्यांनी जोडीदाराकडे बघावं. जोडीदाराच्या साध्या हेल्थ एफएसएत आपोआप आपणही येतो आणि मग आपल्याला एचएसएत पैसे टाकता येत नाहीत. फक्त दात आणि डोळ्यांपुरतं मर्यादित एफएसए असेल तर चालतं. आदल्या वर्षाची उरलेली शिल्लक साध्या एफएसएत पुढे आली तरी हाच घोटाळा होतो, म्हणून एचएसएकडे वळण्याआधीच्या डिसेंबरात ती शून्यावर आणावी.

कम्युटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, म्हणूनच ते सुरू करायला सगळ्यात सोपं. ट्रान्झिटला महिना ३४० आणि पार्किंगला वेगळे ३४०. न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्क स्टेशनला गाडी लावून रेल्वेने न्यूयॉर्कला जाणाऱ्याला दोन्ही मिळतात. घराशेजारचं पार्किंग, पेट्रोल, टोल आणि एकट्याने केलेली उबर बसत नाही. आकडा दर महिन्याला बदलता येतो, फक्त साधारण आधीच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. घरून काम वाढलं की ऑर्डर शून्य करावी. नोकरी आहे तोवर शिल्लक पुढे जात राहते. न्यूयॉर्कच्या सबवेत तीन डॉलरचं भाडं आणि सात दिवसांत ३५ची कमाल मर्यादा, पण ती एकाच कार्डावर मोजली जाते. सकाळी प्लास्टिकचं कार्ड आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून टॅप केलं तर मोजणी दोन ठिकाणी विभागते. न्यूयॉर्क शहरात २०१६पासून आणि न्यू जर्सीत २०१९च्या कायद्याने २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना ही सोय द्यावीच लागते. लहान कन्सल्टिंग कंपन्या हे आपणहून सांगत नाहीत. मागावं. त्यांचेही ७.६५ टक्के वाचतात, हे सांगितलं की बोलणं सोपं जातं.

नोकरी गेल्यावर मात्र तिन्ही खाती एकदम बोलू लागतात. एच-१बीवर नोकरी गेली की डोक्यात ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं आणि बाकी सगळं मागे पडतं. कम्युटरची शिल्लक बहुधा शेवटच्या दिवशी बुडते. हेल्थ एफएसएत शेवटच्या दिवसानंतरचा उपचार मोजत नाहीत, त्याआधीचा मोजतात, आणि क्लेमला बहुतेक प्लॅनमध्ये ९० दिवस मिळतात. कापलेल्यापेक्षा जास्त आधीच खर्च झाला असेल तर कंपनीला तो फरक परत मागता येत नाही. डिपेंडंट केअरमध्ये जमा झालेलं काही प्लॅन वर्षअखेरपर्यंत वापरू देतात. नव्या कंपनीत हेल्थ एफएसएची मर्यादा नव्याने सुरू होते, डिपेंडंट केअरची नाही, ती घरामागे वर्षाला एकच. म्हणून निरोप आल्याच्या दिवशी, ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी, पोर्टलवर वैयक्तिक ईमेल आणि फोन नंबर टाकून घ्यावा आणि जुन्या पावत्या उतरवून ठेवाव्यात. कंपनीचा लॉगिन बंद झाल्यावर तेच पोर्टल उघडण्यासाठी कस्टमर केअरच्या रांगेत तासन्‌तास थांबावं लागतं.